उसना गडी

"पण वस्ताद, चेंडू द्यायचा तरी कुणाला?"

तेजपाल चौगुलेनं पुन्हा तेच विचारलं.

बाबालाल वस्ताद चेंडूत हवा भरत होते. पंपाचा दांडा खाली, वर, खाली... त्यांनी मान वर केली नाही.

माळकूडच्या तालमीत एके काळी नुसती कुस्ती चालायची. पुढं पोरं आखाड्यात उतरेनाशी झाली. वस्ताद फौजेत असताना रग्बी शिकून आले होते. एका सकाळी त्यांनी तालमीच्या दारात तो लांबट, अंड्यासारखा चेंडू टाकला आणि म्हणाले, "धरा. आणि पळा." पोरांनी धरला आणि पळाली. तेव्हापासून माळकूडचा संघ आसपासच्या क्लबांशी झुंजत होता आणि बहुतेक वेळा जिंकतही होता.

जिंकत होता तो तेजपालमुळं. निदान तेजपालचं तरी तसं म्हणणं होतं.

"सांगलीच्या क्लबला कुणी हरवलं? सगळ्या ट्राय कुणी मारल्या?"

वस्तादांनी चेंडू दाबून बघितला.

या खेळात चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपर्यंत पळायचं आणि पलीकडं जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणायचं. वाटेत समोरचे येतात, कमरेला धरतात, पायाला धरतात आणि आडवं करतात. सोबत्याला चेंडू देता येतो, पण पुढच्याला नाही. हातानं द्यायचा तो मागून येणाऱ्यालाच.

आणि तेजपाल मागं बघत नसे.

"मागं बघितलं की वेग कमी होतो, वस्ताद. मी एकटा पोचतोय तर कशाला द्यायचा?"

"सांगलीच्या मॅचला..." वस्ताद म्हणाले. "शेवटची ट्राय मारलीस तवा तुझ्या मागं कोण हुतं?"

तेजपालनं आठवून पाहिलं.

"असंल कोणतरी."

"गुंडू हुता. रेषेपतोर आला हुता तुझ्या मागनं."

"मग?"

वस्तादांनी चेंडू बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

त्या दिवशी कडगणीच्या पोरांशी सामना होता. कडगणी म्हणजे पार कर्नाटकच्या शिवेवरचं गाव. तिथली पोरं ऊस तोडावा तशी माणसं आडवी करतात, असं बोललं जायचं. जो जिंकेल तो पुण्याच्या स्पर्धेला जाणार होता. तेजपालनं पुण्यासाठी नवे मोजेही घेऊन ठेवले होते.

सामना साखर कारखान्यामागच्या मैदानावर होता. शेजारचा पाट आदल्या दिवशी फुटला होता आणि अर्ध्या मैदानात लाल चिखल झाला होता. बघायला आलेल्यांना त्याचाच जास्त आनंद होता.

कडगणीचा टेम्पो आला. पोरं उतरली. मागून त्यांच्या प्रशिक्षक सरोजा मगदूम उतरल्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई होत्या. चेहरा पडलेला.

"एक गडी कमी आहे," त्या पंचांना म्हणाल्या. "आमचा बसगौडा तापानं फणफणलाय. दुसरा बदली खेळाडू नाही आमच्याकडं."

सात-सात जणांचा खेळ. पंचांनी घड्याळ पाहिलं, आकाशाकडं पाहिलं.

"मग माळकूडला न खेळताच पुढं चाल द्यावी लागेल, बाई."

माळकूडच्या पोरांत एकच ओरडा झाला. "पुणं! पुणं!" तेजपालनं तर गुंडूला उचलून गरागरा फिरवला. कडगणीची पोरं टेम्पोच्या सावलीत उभी राहिली. त्यांचा कप्तान मल्लेश बुटाच्या टोकानं माती उकरत होता. पहाटे उठून आली होती पोरं.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"खेळायचं," ते म्हणाले.

ओरडा थांबला.

"बाई, आमच्याकडं गडी जादा हायत. एक घ्या."

"कुठला?"

वस्तादांनी बोट दाखवलं. तेजपालनं आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मी?"

"तू."

"पण हे नियमात कुठं..." पंच म्हणाले.

"नको म्हणून तरी कुठं लिवलंय, साहेब? दोन्हीकडच्यांचं काय म्हणणं न्हाई. खेळू दे पोरास्नी."

पंच बाईंकडं बघू लागले. बाई वस्तादांकडं. शेवटी पंच हसले आणि त्यांनी शिटी तोंडात धरली.

तेजपाल मात्र वस्तादांच्या मागं मागं चालू लागला. त्याच्या कानांतून वाफ निघायची बाकी होती.

"वस्ताद, मी तिकडनं ट्राय मारली तर?"

"तर मारलीस."

"आपण हरू की!"

"हरू."

"पुणं जाईल हातचं!"

"जाईल."

तेजपालनं आवाज खाली आणला.

"आणि... मी जरा बेतानंच पळालो तर?"

वस्ताद थांबले. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं...

तेजपालनं मान खाली घातली आणि कडगणीच्या पोरांकडं गेला.

बसगौडाची पिवळी जर्सी त्याला मिळाली. बसगौडा बहुधा लहानखुरा असावा. जर्सी खांद्यांवर ताणली गेली आणि खाली बेंबी उघडी राहिली. माळकूडची पोरं खिंकाळून हसली. कडगणीची पोरं हसू दाबून उभी होती. मग मल्लेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"भारी दिसालंय. चल."

शिटी वाजली.

समोर माळकूडचे सात जण रांगेत उभे होते. गुंडू कुंभार कडेला, नेहमीच्या जागी. तेजपालला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. ही तोंडं त्यानं सामन्यात कधी समोरून पाहिलीच नव्हती. ती कायम त्याच्या पाठीमागं असायची. गुंडू खेळताना ओठ असा मुडपतो, हे त्याला आज दिसलं.

चेंडू हातात आला आणि तेजपाल सवयीनं सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला खांदा दिला. पुढं मोकळं रान. आता कोण धरतोय...

दोन्ही पाय एकदम जुळले आणि तो चिखलात तोंडावर आपटला.

घोट्यांना कुणीतरी घोरपडीसारखं चिकटलं होतं.

"लागलं का रं?" गुंडूनं विचारलं.

तेजपालनं तोंडातला चिखल थुंकला.

"ही पकड कुठं शिकलास?"

"रोज धरतोय की तुला सरावात. तू उठतोस आन् पुढं जातोस." आणि तो पुढच्या चेंडूमागं पळालाही.

खेळ रंगला. माळकूडनं दोन ट्राय मारल्या, कडगणीनं एक फेडली. चिखल इतका उडत होता की कडेच्या म्हाताऱ्यांनी धोतरं आवरली आणि तरी कुणी मागं सरकेना. तेजपाल आणखी दोनदा सुटला आणि दोन्हीदा आडवा झाला. माळकूडच्या पोरांना त्याची प्रत्येक खोड ठाऊक होती. तो डावीकडं झुकला की उजवीकडं जाणार, हे त्यांना त्याच्याआधी कळायचं.

मग तो प्रसंग आला.

तेजपालला दोघांनी धरलं होतं. एक कमरेला, एक दंडाला. तो ओढत होता, ढकलत होता, गुडघे वाकत होते. आणि मागून हाक आली.

"तेजपाल! हितं हाय मी! हितं!"

मल्लेश होता.

"हितं बघ! दे!"

तेजपाल दचकलाच. सामन्यात अशी हाक त्यानं कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. माळकूडची पोरं त्याला हाका मारत नसत. पूर्वी मारायची... बंद कधी झाली?

कमरेची पकड घट्ट झाली. वेळ नव्हता. आवाज आला त्या बाजूला त्यानं चेंडू सोडून दिला, न बघताच, आणि तो कोसळला.

खाली पडल्या पडल्या त्यानं एका कुशीवरून पाहिलं. मल्लेशनं चेंडू छातीशी धरला होता आणि तो मोकळ्या मैदानातून पळत होता. रेषा ओलांडली. टेकवला.

दुसऱ्याच क्षणी कडगणीची सगळी पोरं तेजपालच्या अंगावर येऊन पडली. मल्लेशच्या नाही, त्याच्या. कुणी त्याचे केस विस्कटत होतं, कुणी कानडीत काहीतरी ओरडत होतं. त्या ढिगाखाली तेजपाल हसत होता. ट्राय त्यानं मारली नव्हती. तरी आतून अशा उकळ्या का फुटतायत, ते त्याला समजेना.

आता दोन्हीकडं सारखे गुण झाले होते. खेळ संपत आला होता.

आणि आता माळकूडची पोरं निघाली.

तेजपालशिवाय ती कशी पळतात, हे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. चेंडू एकाच्या हातातून मागच्याच्या हातात, तिथून आणखी पलीकडं. कुणी थांबत नव्हतं. एक आडवा झाला की दुसरा हजर, आणि तोंडं सगळ्यांची चालू. "हितं! दे! आलो! दे की!" कडगणीचा एकेक गडी चिखलात लोळत होता. तेजपाल शेवटी उभा होता, एकटा. त्याच्या मागं नुसती रेषा.

चेंडू गुंडूकडं आला.

गुंडू सरळ त्याच्यावर येत होता. ओठ मुडपलेले.

एक क्षण तेजपालच्या मनात आलं... जरा उशिरा झेप घेतली तर? चिखलात पाय घसरतोच कुणाचाही. कुणाला कळणार आहे? गुंडू जाईल, माळकूड जिंकेल, पुणं मिळेल.

कडेनं मल्लेश पडल्या जागेवरून ओरडला, "धर, तेजपाल!"

तेजपालनं झेप घेतली. होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून.

त्याची बोटं गुंडूच्या पायाभोवती आवळली. गुंडू झुकला, अडखळला, एका पायावर लंगडला. तेजपालनं डोळे मिटून ओढलं. काहीतरी सुटून हातात आलं.

डोळे उघडले तेव्हा त्याच्या हातात बूट होता.

गुंडू एका पायात बूट, दुसऱ्यात फाटका मोजा, अशा थाटात रेषेपलीकडं पालथा पडला होता. पोटाखाली चेंडू.

शिटी वाजली. लांब, संपल्याची.

माळकूड जिंकलं होतं.

पहिला हसला तो तेजपाल. चिखलात बसून, बूट हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मल्लेश हसला. मग सगळंच मैदान. पंचांना शिटी पुसायला रुमाल सापडेना, तेही हसत होते.

नंतर भडंग आलं, चहाची किटली आली. बाभळीखाली सगळे अस्ताव्यस्त बसले. सरोजाबाई वस्तादांना म्हणाल्या, "हरलो, पण चाल देऊन परत जाण्यापेक्षा बरं. हा पोरगा आमच्याकडंच ठेवून घेऊ का?"

"तेला इचारा," वस्ताद म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

मल्लेश पुण्याला सामना बघायला येणार म्हणत होता. "वरडायला तरी कोणतरी पायजे की तुमच्यासाठनं."

तेजपालनं गुंडूपुढं बूट ठेवला.

"गुंडू, तुम्ही पोरांनी मला हाक मारायचं का बंद केलं रं?"

गुंडूनं भडंगाचा बकाणा भरला होता. तो गिळून झाल्यावर तो म्हणाला, "घसा बसायचा."

तेजपाल चिखलात बोटानं रेघा ओढत राहिला.

"...पुण्यात मार हाक."

"देणार काय?"

"मार तर खरं."

गुंडूनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. मग आपल्या पुडक्यातलं भडंग त्याच्यापुढं केलं.

ऊन चढलं. चिखल अंगावर वाळायला लागला. लाल जर्सी कुठली आणि पिवळी कुठली, काही ओळखू येईना. सगळेच मातीच्या रंगाचे झाले होते. कोण कुणाच्या मांडीवर डोकं टेकून पडलं होतं, कोण कुणाचा चहा पीत होतं. तेजपाल त्यांच्यातून वाट काढत वस्तादांपाशी आला. त्याच्या मनात एकच धास्ती होती. ती बोलून दाखवायला त्याला बळ गोळा करावं लागलं.

"वस्ताद..."

"काय?"

"पुण्याला मी आपल्यात खेळणार न्हवं?"

वस्तादांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बाभळीखालच्या त्या मातकट घोळक्यावरून सावकाश नजर फिरवली...

"आपल्यात म्हंजी कुणाच्यात रं?"