धुळाला पुरले ती जागा

एकदा एक विदुषी बापाची समाधी बांधायला माळावर परत आली. बायजा तिचे नाव. मेंढपाळाची लेक, पण आता अंतराळ संशोधनाच्या मोठ्या केंद्राची प्रमुख. आकाशाची पहिली ओळख तिला ज्या वृद्ध मेंढपाळाने करून दिली, तो आबा अजून मेंढरांमागे चालत होता. अक्षर त्याला येत नसे. पण तिकांडे, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठे कलले ते पाहून तो पहाट किती दूर आहे ते नेमके सांगे.

आठ वर्षांपूर्वी बाप धुळा वारला, तेव्हा बायजाने अकरा वर्षे खपून उभारलेल्या यानाच्या उड्डाणाला चार दिवस उरले होते. ती आली नाही. फिरस्त्या मेंढपाळांत कोणी गेले की त्याला वाटेवरच पुरतात आणि दुसऱ्या दिवशी तळ हलवतात. मुक्या जनावरांना उपाशी ठेवता येत नाही.

“आबा, बापाची समाधी बांधायची आहे, ती जागा दाखवा,” ती म्हणाली.

आबाने तिच्या हाती काठी दिली. “साहेबीण झालीस, तरी मेंढरं हाकायला विसरली नसशील. चल.”

प्रत्येक शेताशी ती विचारी, “इथे?” तो म्हणे, “पुढं चल.” दुपार झाली. शेवटी ती बांधावर बसली.

“आबा, थट्टा करताय का? मी ताऱ्याची जागा केसभर चुकू देत नाही, आणि बापाची जागा मला कोणी सांगत नाही.”

आबा शेजारी टेकला. “मलाच ठाऊक नाही, पोरी. दगड मांडले होते. पुढल्या वर्षी आलो तर रान नांगरलेलं, वर जोंधळा उभा. सात वर्षं शोधतोय. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून चालवत राहिलो. पण असं बघ, धुळा मातीत पडला तो एका जागी. चालला मात्र चाळीस वर्षं, याच वाटेनं. तुला खांद्यावर घेऊन शाळेच्या गावाला गेला तोही इथूनच. माझ्यापाशी दाखवायला एवढंच आहे.”

बायजाने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग जे विचारायला ती खरोखर आली होती, ते तिने विचारले.

“शेवटी माझी आठवण काढली?”

“तीन दिवस विचारत होता. मी म्हणालो, पोरगी आभाळात कामाला आहे, उतरायला वेळ लागतो.”

“मग?”

“म्हणाला, घाई करू नको म्हणावं. पडेल.”

समाधीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मेंढरे पांगू लागली तशी ती उठली आणि त्यांच्यामागे हळूहळू चालू लागली.