रिकामे होत गेलेले कपाट

एकदा एका शिष्याला आपल्याच गुरूचा संशय आला. तो कसा आला आणि कुठे जाऊन थांबला, त्याची ही कथा.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध विदुषी राहत असे. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर चित्रपट कसा पाहावा हे लोकांना शिकवण्याचे व्रत तिने घेतले होते. दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या पुढच्या खोलीत पडदा लागे, गावातली माणसे सतरंजीवर येऊन बसत, आणि चित्रपट संपला की त्यावर बोलणे होई. सगळे तिला बाई म्हणत. आतल्या खोलीत एक शिसवी कपाट होते. त्यात बाईंनी आयुष्यभर जमवलेल्या चित्रपटांच्या डिस्क होत्या. त्यातल्या कित्येक आता बाजारात शोधूनही मिळाल्या नसत्या.

बाईंचा शिष्य हेरंब. हुशार, कष्टाळू, बाईंवर जीव टाकणारा. पडदा लावणे, प्रोजेक्टर जोडणे ही सारी कामे त्याची. डिस्कचे दिवस आता संपले, असे तो उघड म्हणे. तरीही बाईंच्या मागे ते कपाट आपल्याकडेच येणार, हेही त्याने मनोमन धरून ठेवले होते. माणसाचे मन असेच असते.

एके दिवशी त्याने एका नावाड्याच्या बायकोवरचा जुना कृष्णधवल चित्रपट हाय डेफिनिशनमध्ये डाउनलोड करून आणला आणि डिस्कवरचे दृश्य व हे दृश्य बाईंना शेजारी शेजारी लावून दाखवले. डिस्कवर वल्हे नुसते वर उचललेले दिसत होते. डाउनलोडमध्ये त्याच वल्ह्याच्या टोकावरून ओघळणारा पाण्याचा थेंब दिसत होता. बाईंनी चष्मा पुसून तो थेंब पुन्हा पुन्हा पाहिला आणि मोकळ्या मनाने दाद दिली. हेरंबाला हुरूप आला. आता एकेक करून सगळेच असे घेऊन ठेवतो, म्हणाला. धूळ नको, ओरखडे नकोत, कपाटसुद्धा नको. बाईंनी विचारले, विकत घेतलास का? त्याने सांगितले, अगदी रीतसर, आणि कायमचा.

"कोणाकडून घेतलास? ओळखीचे आहेत का?"

हेरंब हसला. "बाई, तिथे ओळखायला कोणी नसतंच."

बाईंनी डिस्क काढून डबीत ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कपाटात फटी दिसू लागल्या. आधी एक डिस्क गेली, मग शेजारच्या दोन. आठवडाभराने पाहावे तो खालच्या फळीचा कोपराच रिकामा. ही चोरी, असे हेरंबाने ठरवून टाकले. घरात बाहेरचे माणूस असे एकच, भांडीधुण्याला येणारी हौसाबाई. ती कितीतरी वर्षे त्या घरात वावरत होती, पण संशय काही वर्षांचा हिशेब ठेवत नाही. हेरंब तिच्या येण्याच्या वेळा साधून येऊ लागला. ती आतल्या खोलीत केर काढायला गेली की हा काहीतरी निमित्त काढून दारात उभा. एकदा तिची पिशवी खुंटीवर होती आणि पिशवीच्या तोंडाशी डिस्कच्या डबीची निळी कड दिसली. डबी कपाटातलीच, हे त्याने ओळखले. त्या क्षणी त्याला राग आला, आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. आपला तर्क खरा ठरल्याचे समाधान होते ते.

बाईंना सांगावे तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्याने आपल्यापुरता बंदोबस्त केला. हौसाबाईला त्याने बजावले की यापुढे आतल्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, तिथला केर मी काढीन. तिने त्याच्याकडे नीट पाहिले. काय समजायचे ते ती समजली. "बरं," एवढेच म्हणाली आणि भांड्यांकडे वळली. त्या दिवसापासून तिने त्या खोलीकडे मानसुद्धा वळवली नाही.

तरी फटी वाढतच राहिल्या.

आता मात्र हेरंबाला वेगळीच शंका येऊ लागली. कपाटाला कुलूप लावू का, असे त्याने बाईंना विचारून पाहिले, तर त्या म्हणाल्या, कशाला, उगाच उघडायला त्रास. पुढे एका सकाळी बाजारपेठेत त्याने बाईंना पाहिले. हातात कापडी पिशवी, ती चांगली चौकोनी फुगलेली. बाई एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात शिरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा पिशवी सपाट होती. व्यापारी पायरीपर्यंत हात जोडून पोचवायला आला होता. हेरंब समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभा होता. बाई विकताहेत, त्याला वाटले. मला न सांगता, मला न विचारता विकताहेत.

बोलावे असे त्याला अनेकदा वाटले. पण बोलला नाही. नुसता पाहत राहिला.

पुढच्या शुक्रवारी त्याने ठरवले की डिस्कला हातच लावायचा नाही. नावाड्याच्या बायकोचा तोच चित्रपट आपण आपल्या डाउनलोडवरून दाखवायचा. दोन दिवस आधी त्याने तो लावून पाहिला होता. सुरळीत चालला होता. खोली भरली. तो व्यापारीही आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला होता. त्याला पाहून हेरंबाच्या कपाळावर आठी चढली. दिवा मालवला, कळ दाबली, आणि पडद्यावर थेंबाऐवजी एक ओळ उमटली: हा चित्रपट आता आपल्यासाठी उपलब्ध नाही.

त्याने पुन्हा कळ दाबली. पुन्हा तीच ओळ. कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला, तर एक यंत्र गोड आवाजात सांगू लागले की कराराच्या अटींनुसार काही चित्रपट मागे घेण्यात आले आहेत. माणसाशी बोलायची सोय नव्हती. फाइल त्याच्या संगणकातच होती, पण उघडायची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या हाती होती. खोलीत कुजबुज सुरू झाली. हेरंब धावत आत गेला. कपाटात त्या डिस्कची जागा रिकामी होती.

बाई त्याच्या मागोमाग आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "ती हौसाकडे आहे. जा, घेऊन ये."

"हौसाबाईकडे?"

"मीच दिली तिला. लोक बसलेत, लवकर जा."

गल्ली फार लांब नव्हती, पण हेरंबाला ती संपता संपेना. हौसाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याने मान खाली घालून डिस्क मागितली. ती उठली, आतून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली निळी डबी घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवताना म्हणाली,

"बाईंनी सांगितलंय, मागंल त्याला द्यायची. म्हणून देते."

चित्रपट झाला. थेंब काही दिसला नाही, पण नावाड्याची बायको रिकामी होडी घेऊन परत येते तिथे खोलीतले कोणी हलले नाही. माणसे पांगल्यावर सतरंजी गुंडाळताना हेरंबाने विचारले, "बाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" बाई म्हणाल्या. "फट दिसली तसा तू चोर शोधायला लागलास. काही डिस्कवर बुरशी धरू लागली होती. सगळ्या एका कपाटात राहिल्या तर एकदमच जातील, म्हणून चार घरी ठेवल्या. भांडीवाल्या शेटजींच्या वडिलांना तीन दिल्या, ते रोज एक लावतात. तू माझ्यावरही संशय घेतला असशील. असू दे, संशय वाईट नाही; डोळे मिटून सगळं खरं मानणाऱ्यापेक्षा तो बरा. पण तुझा संशय दोन पावलांच्या आतच फिरला, हेरंब. हौसावर पोचला, माझ्यावर पोचला. ज्याचं तोंड तू कधी पाहिलं नाहीस, ज्याच्या अटी न वाचता 'मान्य' म्हणालास, त्याच्यापर्यंत काही तो गेला नाही."

हेरंबाने सतरंजी कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे डाउनलोड घ्यायचेच नाहीत?"

"घे की. तो थेंब माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. डिस्क काही अमर नाही. आज ना उद्या ती जाईल, मग तुझं डाउनलोडही जाईल, तिसरंच काही येईल. फक्त कोणी काही विकायला आलं की एक विचारत जा. हे मी शेजाऱ्याला देऊ शकतो का? विकणारा नाही म्हणाला, तर समज, त्याने ते तुलाही दिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी हेरंब डिस्क परत करायला हौसाबाईच्या दारी गेला. मावशी, माझं चुकलं, असे तो म्हणाला. तिने डबी हातात घेतली, त्याच्यासमोरच उघडली आणि आत डिस्क आहे ना ते पाहिले. ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पारखली. हेरंब उन्हात उभा राहिला. तिचे पाहून होईपर्यंत तो हलला नाही.