वाक्य संपल्यावर थांबणारी मुलगी

एकदा एक तरुण परीक्षक तपासणीसाठी एका शाळेत गेला. त्याचे स्वतःचे गुरुजी निवृत्तीनंतरही रोज तिथे येऊन बसत. गाव विणकरांचे होते. खिडकीतून हातमागांचा आवाज दिवसभर वर्गात येई. याच गुरुजींनी त्याला अक्षर गिरवायला शिकवले होते, तेव्हा त्यांच्यासमोर आपले काम दाखवताना त्याची छाती थोडी फुगली असेल तर त्यात नवल नाही.

काम होते प्रकट वाचनाच्या चाचणीचे. तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला एकच उतारा आणि एकच मिनिट. परीक्षकाने बोलायचे नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही. कारण एकाला आधार मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, तर तो अन्याय. हा नियम वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नियम करणाऱ्यांना नावे ठेवण्यात आपण सगळेच पटाईत. पण मोजल्यावाचून मागे कोण राहिले हे कळत नाही, हेही तितकेच खरे.

सगुणा नावाची मुलगी पुढे आली. "गावाबाहेर एक विहीर होती," तिने स्वच्छ वाचले आणि थांबली. परीक्षक गप्प, घड्याळ चालू. बराच वेळ गेल्यावर तिने पुढचे वाक्य घेतले, "विहिरीचे पाणी गोड होते," आणि पुन्हा थांबली. मिनिट सरले तेव्हा निम्मा उताराही झाला नव्हता. परीक्षकाने तिच्या नावापुढे 'वाचन अपुरे' असा शेरा लिहिला.

अपुरे म्हणजे खालचा वर्ग. दाराशी तिची आई उभी होती, ती पदर सावरत पुढे आली. "साहेब, पोरीला मागं नका बसवू. दीर म्हणतात, मागं बसवली तर शाळा बास, घरात सुताच्या कांड्या भरू दे. मागावर आता हात कमी पडतात."

परीक्षकाला मनापासून वाईट वाटले. पण वाईट वाटले म्हणून शेरा बदलायचा नसतो, हेही त्याला गुरुजींनीच शिकवले होते.

"आणखी एकदा वाचू दे तिला," गुरुजी म्हणाले. "कागदावर घेऊ नकोस, नुसतं वाचू दे."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ते खुर्चीवरून उठले आणि मुलीकडे पाठ करून जमिनीवर बसले. कोपऱ्यात झेंड्याची दोरी गुंतून पडली होती. ती मांडीवर घेऊन गाठी सोडवू लागले. "वाच गं बाळ," एवढेच म्हणाले.

"गावाबाहेर एक विहीर होती."

"हं," गुरुजी म्हणाले. मान वर केली नाही, हात थांबला नाही.

मुलगी दचकली. क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली आणि मग घाईने वाचू लागली. "विहिरीचे पाणी गोड होते." हं. "वाटसरू तिथे थांबत." हं. पुढे तर तिला धीर धरवेना. वाटसरू पाणी प्यायले, सावलीत बसले, आपापल्या वाटेने निघून गेले. उतारा संपला, तसे तिने पुस्तक तोंडाशी धरले आणि ओक्साबोक्शी रडू लागली. आईने तिला पोटाशी घेतले.

परीक्षक चक्रावला. "गुरुजी, हा काय प्रकार? तुम्ही तर तिला एक अक्षरही सांगितलं नाहीत!"

गुरुजी म्हणाले, "अरे, ज्याला अक्षर अडतं तो अक्षराकडेच बघत राहतो. ही दर वेळी वर बघत होती. हिचा बाप मागावर बसायचा आणि ही मागं उंबऱ्यावर पुस्तक घेऊन. येता-जाता मी पाहिलंय. त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी. वाक्य झालं की तो हं म्हणायचा, कथा ऐकताना आपली माणसं म्हणतात तसं. त्याचा हं आला की ही पुढं जायची. अशी वाचायला शिकली पोर. ज्येष्ठात तो गेला. तुझ्या घड्याळानं तिचं वाचन मोजलंच नाही. ती बापाची वाट बघत होती, तो वेळ मोजला गेला."

परीक्षकाने मान खाली घातली. "मग मी शेरा बदलतो."

"नको. उद्या दुसरा कोणी तपासायला आला तर तिचं पुन्हा तेच होईल. हं म्हणणारी माणसं जगात थोडी असतात. तिला त्यांच्यावाचून वाचायला शिकावंच लागेल, आणि हे शिकवणं माझ्या अगदी जिवावर आलंय." मग ते मुलीकडे वळले. "सगुणा, आता कोणी काही म्हणणार नाही. तरी वाचायचं. जमेल?"

तिने बाहीने नाक पुसले. "ऐकणार ना पण?"

"ऐकणार, बाळ. आम्ही दोघंही ऐकणार."

परीक्षकाने नवा कागद घेतला आणि नियमाप्रमाणे घड्याळ लावले.

"गावाबाहेर एक विहीर होती," मुलगी म्हणाली आणि थांबली. तिने वर पाहिले. कोणीच काही बोलले नाही. तिने पुन्हा पुस्तकात पाहिले आणि अगदी हळू, बापाच्या ठेक्यात, स्वतःच म्हणाली, "हं."

मग पुढचे वाक्य. मग पुन्हा, स्वतःच, "हं." असे करत ती शेवटपर्यंत गेली आणि उतारा वेळेत पुरा झाला.

उताऱ्यात नसलेला शब्द मुलाने उच्चारला, तर ती चूक धरावी, असा नियम होता. परीक्षकाची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण हात हलला नाही. शेवटी त्याने डोळे पुसून 'उत्तम वाचते' एवढेच लिहिले. गुरुजी पाठ फिरवून दोरी सोडवत राहिले.

आपल्या घरात एखादे लेकरू मोठ्याने वाचत बसले असेल, तर हातातले काम टाकून धावायची गरज नाही. नुसते हं म्हणत जा.