न रडणारं पोर

"दूध पोटात जातंय ना?"

"जातंय, महाराज. वेळच्या वेळी पाजतो."

"मग पोर रडत का नाही?"

अच्युताला या प्रश्नाचं हसूच आलं. पोर रडत नाही, हीच तर मिरवण्यासारखी गोष्ट होती.

"आधी फार रडलं. सारा मठ डोक्यावर घेतला होता. मी आपला जप सोडला नाही. मग हळूहळू समजलं त्याला. आता बघा कसं शांत पडलंय… साधकाला लाजवील."

महाराज नुकतेच नदी उतरून आले होते. थंडीचे दिवस, कमरेएवढं पाणी, आणि ऐंशीच्या घरातलं शरीर. ओल्या धोतरानेच ते सुपाजवळ बसले.

सुपात भिवाची तान्ही मुलगी होती. भिवा मठाच्या गाई राखायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून तो आपल्या बहिणीला आणायला घाटाखाली गेला होता. गावातली एक म्हातारी येऊन बाळाची फडकी बदलून जाई. पण आल्या आल्या आईला खाल्लं म्हणून तीही त्याला जास्त वेळ धरत नसे. त्याच सुमारास महाराजांना पलीकडच्या गावी एका आजाऱ्याकडे जावं लागलं. जाताना ते अच्युताला एवढंच म्हणाले होते, "याला सांभाळ."

अच्युताने सांभाळलं. अर्थात, आपल्या पद्धतीने.

अच्युत हा मठातला सगळ्यांत कडक साधक. त्याने घर सोडलं तेव्हा आई हाका मारत वेशीपर्यंत आली होती आणि याने मागे वळून पाहिलं नव्हतं. मठात नवा माणूस आला की ही हकिकत त्याला ऐकावीच लागे. दर पौर्णिमेला तो संन्यासाची दीक्षा मागे, आणि दर पौर्णिमेला महाराज म्हणत, "अजून नाही." शेवटी हट्टाने त्याने मोठं अनुष्ठान धरलं. जप पुरा होईपर्यंत कुणालाही शिवायचं नाही, असा नेम केला. आता ते संपत आलं होतं. बाळाला तो सोवळ्यात, हातभर अंतरावर बसून, लांब दांड्याच्या पळीने शेळीचं दूध पाजी. एक थेंब सांडत नसे, आणि बोटही लागत नसे.

महाराजांनी बाळाच्या गालाला हात लावला. बाळाचे डोळे उघडेच होते. ते वर आढ्याकडे लागले होते, तिथून हलले नाहीत.

"अच्युता… हे शांत झालेलं नाही."

"मग?"

"रडून कुणी येत नाही, हे याला कळलंय."

अच्युताने वाकून पाहिलं. इतके दिवस तो पळीकडेच बघत आला होता. बाळाच्या दंडावरची कातडी सैल पडली होती, ओठ सुकले होते. एवढं पाजलेलं दूध गेलं कुठे, ते त्याला कळेना.

"उपरणं काढ. याला छातीशी घे."

"मी?… महाराज, माझं अनुष्ठान…"

"माझं अंग गार पडलंय. याला ऊब हवी. इथे ऊबदार असा तूच आहेस."

"थोडेच दिवस राहिलेत, महाराज."

"याचेही."



अच्युताला राग आला. महाराजांचा आला, भिवाचा आला, मरून गेलेल्या त्या बिचारीचाही आला. सगळी मेहनत पाण्यात जाणार होती, तीही काठाला लागल्यावर. त्याने एकदा देवघराकडे पाहिलं. मग उपरणं काढून बाजूला टाकलं आणि दोन्ही हात सुपात घातले.

बाळाला वजन असं नव्हतंच.

"आता काय करू?"

"काही करू नकोस."

तो भिंतीला टेकून बसला. महाराजांनी वरून घोंगडी टाकली. स्वतःच्या छातीतले ठोके अच्युताला ऐकू येत होते. बाळाचा श्वास मात्र लागत होता की नाही, कळत नव्हतं. जप करावा म्हटलं तर शब्द आठवेनात.

उन्हं अंगणात उतरली, तरी तो तसाच बसून होता.

मग बाळाचं डोकं जरासं हललं. तोंड त्याच्या छातीवर काहीतरी शोधू लागलं. एक मूठ उघडली आणि त्याच्या जानव्यावर मिटली. शोधत होतं ते मिळेना तेव्हा बाळाने तोंड वाकडं केलं आणि ते रडलं. आधी बारीक, मग जोरात.

"महाराज! रडतंय… अहो, रडतंय हे!"

आणि तो कडक साधक स्वतःच हुंदके देऊ लागला.

अनुष्ठान मोडलं, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं. तेही बाळ झोपल्यावर.

पुढे जप झाला तो अंगाईसारखाच झाला, कारण त्याचा आवाज ऐकला की पोर गप्प होई. फडकी तोच बदलू लागला. दूध पाजल्यावर बाळाची पाठ कशी थोपटावी, हे तो त्या म्हातारीला शिकवायला गेला. तिने कपाळाला हात लावला. पोर भरत चाललं होतं, आणि रडायचं तर असं, की गाई दचकाव्यात.

एका सकाळी भिवा आला. बरोबर बहीण होती, कोंडाबाई. तिच्या कडेवर तिचं स्वतःचं अंगावर पिणारं मूल होतं. ते तिने भिवाकडे दिलं आणि पदर पसरला.

"लई उपकार झालं, म्हाराज. आना हिकडं लेकरू. माज्या अंगावर दूध हाय, दोगंबी पितील."

अच्युत उठला. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"डाव्या बाजूला घ्या तिला. उजव्या बाजूला झोपत नाही ती."

"घेती की."

"आणि…"

आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं. कोंडाबाई हात पुढे करून थांबली होती. बाळाची मूठ जानव्यावर घट्ट मिटलेली. अच्युताचे हात काही सुटेनात. त्याने मान वळवून ओसरीवर बसलेल्या महाराजांकडे पाहिलं. अच्युताच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं होतं.

"महाराज… नाही हो जमत."

महाराज ओसरीवरून उठून त्याच्याजवळ आले.

"हं. आता सोडायला काही आहे तुझ्याकडे. आता दीक्षा माग."