कड्यावरचा डाव

“रोज संध्याकाळी अर्धा तास खेळ, असं ठरवूनच दिलं होतं बाबा. मी एकदाही हरले नाही. मग ती दोघं माझ्याशी बोलेनाशी का झाली?”

नूरबाबा फकीर कड्याच्या टोकाशी बसून सागरगोटे पुसत होते. समोर समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते धुक्यात कळत नव्हतं. एक होडी आभाळातूनच चालली होती.

विचारणारी शलाका. ती अवकाशात जाणार होती. आठ महिने, दोन खोल्यांएवढ्या जागेत, आणखी दोघांबरोबर. त्याचा सराव म्हणून तिघं शंभर दिवस एका बंद घरात राहून आली होती. चाळिसाव्या दिवशी त्या दोघांनी तिच्याबरोबर खेळणं सोडलं. साठाव्या दिवशी बोलणं.

“पुढच्या महिन्यात पुन्हा सराव आहे. असंच झालं तर माझ्या जागी दुसरं कोणी जाईल. आत्या म्हणाली, कड्यावर एक बाबा तीस वर्षं एकटे राहतात, तरी हसतात. त्यांना विचार.”

“काय काय खेळलात?”

“पत्ते. बुद्धिबळ. चित्रंही काढायचो.”

“चित्रांतही जिंकलीस?”

“…हो.”

“अगो बाई,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

“सराव घेणाऱ्या डॉक्टरबाई म्हणतात, तिथे वर माणूस कामावर तगत नाही, खेळावर तगतो. मला ते समजत नाही.”

“मलाही नाही समजत. बस, खेळू.”

त्यांनी पाच सागरगोटे मांडले. एक वर फेकायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. चुकलं की डाव समोरच्याचा.

शलाका चुकली नाही.

एक एक, दोन दोन, सगळे एकदम. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. मधेच त्यांचा हात पुढे यायचा… आणि मागे जायचा.

धुक्यातली ती होडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

“हात छान आहे गो तुझा. वरतीही हेच खेळशील?”

“तिथे नाही जमणार. फेकलेलं खाली येत नाही, तरंगत राहतं.”

“म्हणजे पडायचंच नाही?”

“नाही.”

बाबांचे डोळे मोठे झाले. मग चेहरा उतरला.

“अरेरे… मग समोरच्याचा डाव कधी यायचा?”

 शलाकाला बंद घरातल्या त्या दोघांपैकी देवव्रत आठवला. शेवटी शेवटी तो बुद्धिबळाच्या पटापाशी यायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा.

तिने पाचही गोटे गोळा करून बाबांपुढे धरले.

“घ्या बाबा. तुम्ही खेळा.”

“चुकलीस?”

“नाही. तरी घ्या.”

बाबांनी तिचा हात परत लोटला. “दारोदार भाकरी मागतो गो मी. डाव नाही मागत.”

तिचे कान तापले. काय करावं ते कळेना. तिने चार गोटे खाली टाकले आणि पाचवा कधी नव्हे इतका उंच फेकला.

तो गेला… गेला… धुक्यात राखाडी ठिपका झाला. क्षणभर वाटलं, तो आता येतच नाही. वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं, मधे तो एकटाच. किती सुंदर दिसतोय, असं तिच्या मनात आलं. जमिनीवरचे उचलायचे राहिले. हात पुढे करायचाही राहिला.

गोटा तिच्या कपाळावर आपटून गवतात पडला.

“आई गं!” ती कपाळ चोळायला लागली आणि हसू फुटलं. थांबवलं तरी थांबेना. डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी तोवर गवतातून गोटा शोधून काढला होता.

“हसून घे नंतर. सरक तिकडे, माझा डाव.”