भुरीचा अळणी वाटा

या गोष्टीत राजा नाही, राणी नाही, सोन्याचा महालही नाही. आहे ती घाटाच्या पायथ्याशी एक खानावळ, आणि त्या खानावळीत दिवसभर कांदे-लसूण सोलत बसलेली आठ वर्षांची बकुळा. सोलून सोलून तिची इवलीशी बोटं अशी दुखायची, की संध्याकाळी वेणीची रिबीन सोडायचंही तिच्या जिवावर यायचं. खानावळ तिच्या यमुनाआत्याची. आत्या वाईट नव्हती हो, नुसती थकलेली होती. सकाळी चूल पेटली की ती विझेपर्यंत बसणं म्हणून नाही, जेवणसुद्धा उभ्या उभ्या, चार घासांत. थकलेल्या माणसाला गोड बोलायला सुचणार तरी कुठून?

बकुळाचे बाबा तिला आठवतही नव्हते, आणि आई पावसाळ्याआधी तापानं गेली. आईच्या मागे तिच्याजवळ उरली एक मांजर. भुरी. धुरकट अंग, हिरवे हिरवे डोळे, आणि चारी पायांत जणू पांढरे मोजे. आई होती तेव्हा भुरी अशी गुबगुबीत होती, की मांडीवर बसली की मांडीला मुंग्या यायच्या. आता तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. मांडीवर घेतली तरी रुमाल ठेवल्यासारखं वाटायचं. ही पण जाणार, असं बकुळाच्या मनात यायचं, आणि मग कांद्याचं निमित्त करून ती पोटभर रडून घ्यायची.

काय काय नाही केलं तिनं! आपल्या वाट्याचं दूध दिलं, तर भुरीचं पोट बिघडलं. आपल्या ताटातला मासा दिला, चांगला लाल रश्शातला. भुरीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बकुळाला वाटलं, चव कमी पडली. दुसऱ्या दिवशी तिनं हौसेनं लसणाची आणखी खमंग फोडणी घातली. भुरी पार परसात जाऊन बसली.

परसात गुलबक्षीची झुडपं होती. ऊन कललं की त्यांवर गुलाबी, पिवळी, पांढरी फुलं पटापट उमलायची. भुरीला शोधायला बकुळा तिथं गेली, तर एका पिवळ्या फुलात कुणीतरी चिमुकलं बसलं होतं. परीच होती ती. पंख गुलबक्षी रंगाचे, पण कडांना विरलेले. अंगावरच्या चांदण्या मिणमिणत होत्या. परी धापा टाकत होती.

दुसरं कुणी असतं तर आधी काहीतरी मागितलं असतं. बकुळानं पानाच्या द्रोणात पाणी आणलं आणि म्हणाली, "परीताई, आधी पाणी पी. दमलीस ना?"

परी पाणी प्यायली. हे मला कुणी विचारत नाही गं, म्हणाली. मग नियमाप्रमाणे तिनं सगळं सांगितलं. इच्छा तीन. एका संध्याकाळी एकच. आणि ती पुरी होईल, पण गुलबक्षी मिटेपर्यंतच.

"माझ्या हातचं सकाळपर्यंत टिकतं, बाळ," ती म्हणाली. "कायमचं टिकतं ते तुमच्या हातचं."

बकुळानं पुढचं ऐकलंच नाही. तिनं झटकन मागून टाकलं, भुरी गुबगुबीत होऊ दे. झाली की! गोल गोल, मऊ मऊ, चमचम केसांची. बकुळा तिला कुशीत घेऊन झोपली. सकाळी गुलबक्षी मिटली, आणि कुशीत पुन्हा तीच हाडं. उलट भुरी आता मलूल पडली होती. बकुळाला आदल्या दिवसाहून जास्त रडू आलं, कारण आता तिनं बरी झालेली भुरी पाहिली होती.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं खूप विचार केला. मग म्हणाली, "भुरीला काय हवंय, ते तिलाच सांगता येऊ दे."

भुरीनं हळूच डोळे उघडले. तिचा आवाज आईच्या जुन्या पातळासारखा मऊ होता.

"तू माझ्यासाठी किती राबतेस, ते मी बघते गं," ती म्हणाली. "पण लसूण, तिखट, मीठ, हे माझ्या पोटाला सोसत नाही. तुझी आई फोडणी घालायच्या आधी माझा वाटा बाजूला काढायची. नुसता उकडलेला. काटे काढून, बोटांनी कुस्करून."

बकुळा बघतच राहिली. आई वाटी ठेवायची, तेवढंच तिला ठाऊक होतं. त्या वाटीत काय नसायचं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

दिवस उजाडताच ती आत्याकडे गेली आणि मासा बिनफोडणीचा उकडायला भांडं मागू लागली. आत्याचा हात जागच्या जागी थांबला. त्यांच्याकडे घरात कुणी गेलं तरच दहा दिवस फोडणी पडत नाही. एरवी फोडणीवाचून रांधणं म्हणजे अशुभ. आत्यानं निक्षून सांगितलं, माझ्या चुलीवर तसलं शिजायचं नाही. घरातलं सुतक कधीच संपलंय.

बकुळा मान खाली घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, भुरीचं नाही संपलं अजून."

आपल्या भावजयीची मांजर ती, हे आत्यालाही का ठाऊक नव्हतं? तिनं पदरानं डोळे टिपले, फळीवरचं एक छोटं पातेलं काढलं, राखेनं तीनदा घासलं आणि बकुळापुढे ठेवलं.

त्या दिवसापासून बकुळा कोंबड्याच्या आरवण्याबरोबर उठू लागली. लसणाला हात लागायच्या आत भुरीचं व्हायला हवं ना. झोपेनं डोळे मिटायचे, तोंड धुताना ती उभ्या उभ्या पेंगायची. पण मासा उकडायची, एकेक काटा काढायची. कधी अंडं, कधी कोंबडीचे चार तुकडे, वर चमचाभर लाल भोपळा. सगळं बोटांनी मऊ मऊ करायची. पहिल्या दिवशी भुरीनं बोट चाटलं. चौथ्या दिवशी वाटी चाटली. जादूबिदू काही नाही, नुसतं रोजचं उठणं. खानावळीत बटाटे तोलायचा तराजू होता. बकुळा एका पारड्यात भुरीला बसवायची आणि दुसऱ्यात एक लाल भोपळा ठेवायची. आधी भोपळा धाडकन खाली जायचा. दिवाळी जवळ आली, आणि एके सकाळी भुरीचं पारडं खाली गेलं.

तिसरी इच्छा मात्र बकुळानं राखून ठेवली होती. भुरी पुन्हा आजारी पडली तर? एक रात्र तरी ती धडधाकट दिसेल, एवढाच त्या बापडीला धीर. पण रोज संध्याकाळी फुलात परी दिसायची, आणि तिच्या अंगावरची चांदणी चांदणी विझत चालली होती. तुला काय होतंय, असं बकुळानं विचारलं. परी म्हणाली, तिसरी इच्छा मागितल्याशिवाय मला घरी जाता येत नाही, बाळ.

बकुळानं भुरीकडे पाहिलं. मग परीकडे पाहिलं.

"परीताई," ती म्हणाली, "तू घरी जा आणि पोटभर झोप. हीच माझी इच्छा."

परीचे डोळे भरून आले. "इतक्या इच्छा पुरवल्या, पण माझ्यासाठी कुणी मागितलं नव्हतं. याला माझ्याकडे नियमच नाही गं. आता माझ्याकडून घे. तुझ्या हातचं जो खाईल, त्याच्या अंगी लागेल. आणि हे मिटायचं नाही."

सगळी गुलबक्षी एकदम उजळली. गुलाबी, सोनेरी, दुधाळ उजेड. विरलेले पंख त्यात लखलखले, आणि उजेड निवला तेव्हा पिवळं फूल रिकामं होतं.

बकुळा आत आली. गिऱ्हाइकं जेवून गेली होती आणि आत्या उभ्यानंच भाकरी मोडत होती. बकुळानं पाट मांडला, ताट वाढलं आणि आत्याचा हात धरून तिला खाली बसवलं. आत्या नको नको म्हणत बसली खरी, पण किती दिवसांनी पोटभर जेवली. मग तिनं बकुळाचा बारीक दंड चाचपला. स्वतःचा घास त्या मांजरीला घालत होतीस ना, म्हणाली, आणि आपल्या शेजारी दुसरं ताट मांडलं. दोघी जेवत बसल्या. उद्यापासून लसूण मिळून सोलायचा, असं आत्यानं सांगून टाकलं.

भुरी शेपटी उभारून आली आणि बकुळाच्या मांडीवर ऐसपैस बसली. थोड्याच वेळात बकुळाच्या मांडीला मुंग्या आल्या. ती मुळीच हलली नाही.