कुलूप काढलेला फोन

फार जुनी गोष्ट आहे. फोनच्या हिशोबाने सांगायचं तर चार वर्षांपूर्वीची. कुमुदिनीबाईंचा फोन इतका मंदावला होता, की बंद घड्याळांच्या खणात त्याची जागाही ठरली होती. मग बाईंनी स्वतः माहिती वाचून, कंपनीने घातलेलं त्याचं आतलं कुलूप काढलं आणि सगळे अधिकार त्याच्या हाती दिले.

जन्मापासून ठाण मांडून बसलेले, कधी कुणी न उघडलेले सात खेळ फोनने बाहेर काढले. तो चपळ झाला. "कपाटमामा, आता इथे मीच मालक," तो लोखंडी कपाटाला म्हणाला.

"छान झालं. पण दाराशी कोण येतं ते पाहत जा."

दुसऱ्या दिवशी टॉर्चचं ॲप आलं. "मी फक्त उजेड पाडतो. तेवढ्यासाठी तुमचे फोटो, निरोप आणि सगळ्यांचे नंबर लागतील."

"घ्या की! विचारायला वर कोणी नाही."

संध्याकाळपर्यंत बाईंच्या विहीणबाईंनाही लॉटरी लागल्याचे निरोप गेले. बँकेचं ॲप तर उंबऱ्यावरूनच परतलं. "तुमच्याकडे कुणीही येऊन राहतं म्हणे," ते म्हणालं.

बाईंनी त्यातलं सगळं पुसलं, नवा फोन आणला आणि जुन्याला स्वयंपाकघरात गाण्यांच्या कामाला लावलं. तो दिवसभर न अडखळता गातो. खणात गेला नाही, हेही खरं.

कपाटाने शेजारच्या खोलीतून विचारलं, "काय भाचेबुवा, मोकळं वाटतं ना?"

"अगदी," फोन म्हणाला. "कुलूप लावावं असं आता माझ्यापाशी कुणी काही ठेवतच नाही."